देवतळे आणि दहा वाजताचं कोडं

देवतळे वर्तमानपत्र मागून उघडायचे. पहिल्या पानावर सरकार पडलेलं असो नाहीतर वादळ यायचं असो, त्यांचा अंगठा थेट शेवटच्या पानांकडे जायचा. तिथे वर चार चौकटींची चित्रमालिका, खाली सुडोकू आणि शेजारी शब्दकोडं. "बातम्या काय, मोबाईलवर येऊनच राहिल्या," ते म्हणायचे. "पेपर यासाठी घ्यायचा असतो, मॅडम."

मोहन देवतळे. नागपूरचे, पन्नाशीचे, केस कमी आणि खिशात पेनं जास्त. आमच्या कारखान्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या बारीक नळ्या बनतात. मी क्वालिटीत, ते व्हॅलिडेशनमध्ये. म्हणजे नवं यंत्र आज जे करतं तेच उद्या आणि परवाही करेल, हे पुन्हापुन्हा तपासून कागदावर सिद्ध करायचं. या कामाला इतका लायक माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या कुठल्या कामाला ते लायक होते असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कारखाना डब्लिनच्या बाहेर, शेतांच्या मधोमध. बस नाही. मी डब्लिनच्या ओंगार उपनगरात राहते. तेही ओंगारलाच, आयटीतल्या दोन पोरांबरोबर भाड्याच्या घरात, सगळ्यांत लहान खोलीत. पोरं चोवीस तास कानात हेडफोन घालून. बायको नागपूरला शाळेत शिकवणारी, मुलगी बारावीत. तिची परीक्षा झाली की दोघींनी इकडे यायचं की यांनी तिकडे परत जायचं, हे ठरलेलं नव्हतं. गाडी नव्हती, कारण लायसन्स नव्हतं. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी, रस्त्यावर दोनदा नापास. राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकाच्या, तोंडाशी ते गाडी थांबवून बसायचे.

"पूर्ण मोकळा झाल्याशिवाय मी घुसत नाही," ते मला म्हणाले.

"तो कधीच पूर्ण मोकळा होत नसतो, देवतळे."

"मग ही चूक रस्त्याची आहे जी."

तेव्हा त्यांना रोज नेणं-आणणं माझ्याकडे आलं. मला सोबतीची हौस नाही. पण एकाच वसाहतीतून एकाच कारखान्यात जाणाऱ्या माणसाला नाही म्हणायला कारण सापडेना.

गाडीत ते आदल्या दिवशीची चित्रमालिका घेऊन बसायचे. एक शेतकरी, एक मेंढी आणि मेंढीच्या मनातले विचार, असा तिचा थाट. देवतळे ती चौकट-चौकट करून वाचायचे, जसं काही खाली सही करायची आहे.

"मेंढी कुंपणापाशी उभी आहे. शेतकरी म्हणून राहिला, पाऊस येईल. मेंढी काही बोलत नाही. शेवटच्या चौकटीत पाऊस. यात हसायचं कुठं?"

"मेंढीच्या डोक्यावर बघा. तिनं शेतकऱ्याची टोपी घातलीय."

"कधी घातली?"

"तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधे."

"ते दाखवलं नाही."

"दाखवलं नाही म्हणूनच हसायचं."

यावर ते मान हलवून पेपर मिटायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसून पट्टा लावता लावता एकदम खो-खो हसायचे. "अरे बाप्पा! कालची मेंढी आत्ता समजली!" आणि मग वाटेतल्या क्लोनसिलाच्या रेल्वे फाटकापर्यंत हसत राहायचे. त्यांचं हसू असं उशिरा यायचं, पण पूर्ण यायचं.

कोड्याचं मात्र उलट होतं. तिथे उशीर हा शब्दच नव्हता. इंग्रजी शब्दकोडं ते नागपूरच्या एका वाचनालयात शिकले. मराठी शाळेतून इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा, इंग्रजीची धास्ती, शिकवणी परवडत नव्हती. मग सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात जाऊन उभं राहायचं. इंग्रजी पेपर एकच, कोडं एकच, आणि त्यावर टपलेले पाच-सहा जण. ज्याच्या हाताला पेपर लागला त्यानं कोडं पूर्ण केल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. ठेवला तर दुसरा भरणार. "म्हणून स्पीड आली," ते अभिमानाने सांगायचे. "एकही प्रश्न सोडायचा नाही. सोडला की गेला."

हा माणूस चारचौघांत काय करू शकतो, याची मला आधी कल्पना यायला हवी होती, कारण नमुना मी पाहिला होता. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात लहान मुलांसाठी शब्दखेळ ठेवला होता. इथे वाढलेली मुलं. मराठी समजतं, बोलायचं म्हटलं की आयरिश इंग्रजी सुरू होतं. त्यांनी निदान चार शब्द तोंडाने उच्चारावेत म्हणून आम्ही बायकांनी आठवडाभर खपून फळ्यावर मोठ्ठं कोडं काढलं होतं. मी पहिली ओळ वाचली: "उंदराला खाणारा घरातला प्राणी." मुलं एकमेकांकडे बघत होती. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओठ हलवून शब्द जुळवत होती. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "मांजर!"

सगळे हसले. मला वाटलं, गंमत केली. दुसरी ओळ वाचली. "हत्ती!" तिसरी वाचायच्या आत ते रांगेतून पुढे सरकले होते. ती चिमुरडी आईला म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर," आणि तिचं बरोबर होतं. शेवटी कोणीतरी चेष्टेने बक्षिसाची कंपासपेटी त्यांच्या हातात ठेवली. आणि देवतळ्यांनी ती घेतली. व्यवस्थित, दोन्ही हातांनी, थँक यू म्हणून. मी त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन प्लेटा मोजत बसले होते. मोजायची काही गरज नव्हती.

आता कारखान्यातल्या टेबलाबद्दल सांगते.

आमच्या कँटीनमध्ये खिडकीजवळ एक लांब टेबल आहे. दहा वाजताच्या चहाला तिथे सातआठ माणसं बसतात. त्या टेबलाची मालकी मॉरीनकडे. मॉरीन पॅकिंगची लाइन सांभाळते, साठीला आलेली, कारखाना उघडला तेव्हापासूनची. रोज सकाळी पेट्रोल पंपावरून ती पेपर घेऊन येते आणि दहा वाजता कोड्याचं पान बाहेर दुमडून टेबलावर ठेवते. पेन तिच्याच हातात. ती सूचक ओळ वाचते, बाकीचे उत्तर देतात, ती लिहिते. जो लिहितो तो उत्तर देत नाही, हा नियम. तो कुठे लिहिलेला नाही. दुसराही नियम असाच न लिहिलेला: एखाद्याच्या चेहऱ्यावर उत्तर यायला लागलंय असं दिसलं की इतरांनी थांबायचं. मग भले घड्याळ धावत असो.

हे थांबणं मुख्यतः डेक्लनसाठी असायचं. डेक्लन म्हणजे मेंटेनन्सचा फिटर, दारात वाकून येणारा उंच माणूस, बोलणं हळू, विचार त्याहून हळू. त्याला दिवसाला एखादंच उत्तर यायचं. तेही बहुधा सगळे उठल्यावर. तो कॉरिडॉरच्या टोकाला पोचलेला असायचा, आणि तिथून परत येऊन दारातून ओरडायचा, "ऊदमांजर!" मग सगळं कँटीन टाळ्या वाजवायचं, मॉरीन पेन काढून लिहायची आणि डेक्लन त्या दिवसापुरता राजा असायचा.

दहाला जेवढं सुटेल तेवढं सोडवायचं. उरलेलं पान मॉरीन फ्रिजवर लोहचुंबकाने लावायची, संध्याकाळच्या पाळीसाठी. त्या पाळीत कोण कोण आहे हे आमच्या टेबलाला धड ठाऊक नव्हतं. पण तिथे एक हिरवं पेन होतं. सकाळी येऊन बघावं तर रिकाम्या चौकटी हिरव्या शाईने भरलेल्या, आणि समासात शेरा: "सातवी ओळ तुम्हाला येऊ नये? शरम!" मॉरीन तो शेरा मोठ्याने वाचायची आणि दिवस सुरू व्हायचा.

देवतळे या टेबलावर आले ते माझ्यामागून. त्यांना तिथे 'मो' असं नाव मिळालं. पहिला आठवडा ते नुसतं ऐकत होते, आयरिश उच्चार कानाला बसत नव्हते. पण खूश होते. दिवसभरात माणसांशी बोलणं व्हायचं ते याच एका टेबलावर. घरी हेडफोनवाली पोरं, कामावर यंत्र, नागपूरला फोन लावावा तर तिकडे झोपायची वेळ. परतताना गाडीत ते मला टेबलावरचं सगळं पुन्हा सांगायचे, जणू मी तिथे नव्हतेच. "डेक्लन काय म्हणून राहिला होता माहीत आहे का?" मला माहीत असायचं. मी सांगू द्यायची.

मग एक दिवस मॉरीनला पावणेदहाला ऑफिसात बोलावणं आलं. ती पेपर टेबलावर ठेवून गेली. आम्ही दहाला पोचलो तर देवतळे आधीच बसलेले आणि कोडं पूर्ण भरलेलं. निळ्या पेनने, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

"झालं," ते म्हणाले. चेहरा असा, की जणू सगळ्यांची भांडी त्यांनी घासून ठेवली आहेत.

मॉरीनने पान उचललं, बघितलं. "वा, मो," ती म्हणाली. "हुशार आहेस बाबा." आणि पेपर दुमडून बाजूला ठेवला. मग सगळे हवेबद्दल बोलू लागले. आयरिश लोक हवेबद्दल बोलायला लागले की समजावं, काहीतरी बिनसलंय.

गाडीत देवतळे तरंगत होते. "हुशार म्हणाली."

"देवतळे, ते कोडं भरू नका."

"काहून?"

"ते सगळ्यांचं आहे. मिळून सोडवतात."

"मिळून सोडवून राहिले तर अर्धं सुटते. मी पूर्ण सोडवलं."

"अर्धंच सुटायला हवं असतं त्यांना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मेंढीच्या टोपीचं काहीतरी पुन्हा सांगतेय मी. "असं कसं म्हणता जी? येते तर सोडवायचं नाही?"

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे, पण हे याहून स्पष्ट कसं सांगायचं ते मला कळेना. पुढचे चार दिवस त्यांनी तेच केलं. मॉरीन पेपर टेबलावर ठेवून चहा ओतून घेईपर्यंत यांचं निम्मं झालेलं असायचं. बाकीचे बिचारे 'आलं का तुला' म्हणून विचारत, मग तेही विचारेनासे झाले. माझ्या मागे उभं राहून मॉरीनने कप विसळता विसळता विचारलं, "नीता, तुमच्याकडे सगळे असेच असतात का?"

"नाही," मी म्हटलं. "एवढाच."

हे खोटं होतं, आणि ते बोलताना माझी मान खाली गेली. आम्ही सगळे असेच होतो. मीही मेरिट लिस्टवाली. दुसऱ्याला दिसू नये म्हणून पाटीवर हात आडवा धरून लिहिणं आम्हाला अ-आ-इ-ईच्या आधी येत होतं. फक्त मला इथे राहून राहून ते झाकायला जमलं होतं.

पुढच्या सोमवारी टेबलावर पेपर नव्हता. "विसरले," मॉरीन म्हणाली. मंगळवारीही विसरली. तिच्या पिशवीतून पेपराची कड दिसत होती. ती मला दिसली, डेक्लनला दिसली, टेबलावरच्या प्रत्येकाला दिसली. देवतळ्यांना नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी मला पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली. आत जाऊन पेपर घेऊन आले. वाटेत गुडघ्यावर ठेवून लिहीत होते. मला वाटलं, चला, स्वतःचा स्वतः घेतला, मिटला प्रश्न. दहा वाजता त्यांनी तो पेपर टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मॉरीन विसरून राहिली ना," ते इंग्रजीत म्हणाले, "म्हणून सगळ्यांसाठी मी आणला."

पूर्ण भरलेला.

भेट म्हणून आणला होता हो त्यांनी. खरोखर. लग्नात आहेर द्यावा तसा तो पेपर त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला होता. मग डेक्लन, नेहमीसारखा हळू, म्हणाला, "मो, मला एक तरी ठेवायचं होतंस."

आणि टेबल हसलं. वाईट हसू नव्हतं ते, पण बरेच दिवस साठलेलं होतं, म्हणून लांबलं. मी देवतळ्यांकडे बघत होते. त्यांचं हसू नेहमीच दुसऱ्या दिवशी यायचं. हे मात्र त्यांना तिथल्या तिथे समजलं. कानांच्या पाळ्यांपासून सुरुवात झाली आणि लाली डोक्याच्या टकलापर्यंत चढत गेली. त्यांनी पेपरची घडी केली, मग आणखी घडी, मग आणखी, आणि तो रुमालाएवढा करून खिशात घातला. "सॉरी," म्हणाले. "फोन आहे." फोन नव्हता.

परतताना ओंगारपर्यंत ते खिशातली ती घडी चाचपत राहिले. उतरताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं होतं."

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला जमत नाही म्हणून सांगून राहिल्या."

दुसऱ्या दिवसापासून दहा वाजता ते माझ्या गाडीची किल्ली मागू लागले. पार्किंगमध्ये, काचा वर करून, आपला पोह्यांचा डबा खायचे. टेबलावर मॉरीनचा पेपर परत आला. दोनचार दिवसांनी तिने विचारलं, "मो आजारी आहे का?" मी म्हटलं, कामात आहे. आणखी एक खोटं. पन्नाशीचा माणूस बाहेर पावसात गाडीत बसून पोहे खातोय, कारण त्याला आत यायची लाज वाटतेय, आणि मी त्याच्या नावाने थापा मारतेय. आठवडा झाल्यावर मी किल्ली दिली नाही.

"गाडीला कांद्याचा वास मारतो," मी म्हटलं. "आत बसून खा."

"आत कोणत्या तोंडाने जाऊ?"

"जे आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

ते आले. सगळ्यांनी जागा करून दिली, कोणीतरी बिस्किटं पुढे सरकवली, विषय संपला. म्हणजे संपायला हवा होता. पण आता देवतळ्यांनी नवीनच सुरू केलं. ते काहीच येत नसल्यासारखं करू लागले.

नाटक या माणसाला बिलकूल येत नव्हतं. मॉरीनने ओळ वाचली की उत्तर त्यांच्या गालात येऊन बसायचं, गरम बटाटा तोंडात धरल्यासारखं. मग छताकडे बघत, "कठीण आहे... फारच कठीण." मी टेबलाखाली पाय मारला तरी थांबेनात. आणि एके दिवशी त्यांनी डेक्लनला गाठलं. बागेतलं फूल, पाच अक्षरं, असं काहीतरी होतं.

"हॉलंडमध्ये फार असतं म्हणतात," देवतळे छताला म्हणाले.

डेक्लन विचार करू लागला. बाकीचे थांबले, नियमाप्रमाणे.

"कपासारखं दिसतं. कंद असतो खाली."

"ट्युलिप!" डेक्लन ओरडला. त्याचा चेहरा उजळला. आणि देवतळे मान डोलावत म्हणाले, "व्हेरी गुड, डेक्लन. व्हेरी गुड."

शिक्षक म्हणतात तसं. दुसरीच्या वर्गात.

डेक्लनने त्यांच्याकडे बघितलं. त्याला समजायला वेळ लागतो, पण समजतं. त्याने आपला कप उचलला, बेसिनमध्ये ठेवला आणि तो निघून गेला. त्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकावरून कोणी परत आलं नाही.

मॉरीनने पेनचं टोपण लावलं. आवाज चढवला नाही. "मो, पहिलं बरं होतं. पहिल्यांदा तू नुसता हावरट होतास. हावरट माणसं मला कळतात, मी पाच भावांत वाढले. पण आता तू आम्हाला घास भरवायला लागलास. ते आम्ही खपवून घेणार नाही."

मला वाटलं, हा माणूस उद्या राजीनामा देईल. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांची दया आली नाही. नुसती लाज आली, आणि ती अशी की कुणाची लाज, त्यांची की माझी, हे वेगळं काढता येईना.

पण दुपारी ते वर्कशॉपमध्ये गेले. मी एका यंत्राच्या भागासाठी तिथेच उभी होते म्हणून हे मला दिसलं. डेक्लन पाठमोरा, पान्याने काहीतरी आवळत होता.

"डेक्लन," देवतळे म्हणाले. "मी गाढव आहे."

डेक्लनने पान्याचा एक फेरा पूर्ण केला. "आहेस," तो म्हणाला.

"मला दोनच प्रकार येतात. पहिलं येणं किंवा शेवटचं येणं. मधे कसं बसायचं ते कोणी शिकवलं नाही."

डेक्लन आणखी एक फेरा आवळत राहिला. मग म्हणाला, "आधी खुर्ची ओढायची. मग त्यावर बूड टेकायचं."

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॉरीनने पेपर दुमडला आणि आपलं पेन देवतळ्यांपुढे टाकलं. "तू लिही," ती म्हणाली. "नियम माहीत आहे ना?"

त्यांना माहीत होता. लिहिणारा बोलत नाही.

ते काय हाल होते, ते मी शेजारी बसून पाहिलं. ओळ वाचायची, उत्तर डोक्यात खणखणत असताना टेबलभर नजर फिरवायची आणि गप्प राहायचं. पहिले काही दिवस त्यांच्या कपाळावर घाम यायचा. त्यांचे नागपुरी उच्चार कोणाला समजायचे नाहीत, मग ओळ दोनदा, तीनदा वाचावी लागायची, आणि त्यावरून वेगळाच गोंधळ. पण त्यांनी निभावलं. आणि मग जिराफाचं प्रकरण झालं.

आफ्रिकेतला शाकाहारी प्राणी, इंग्रजी सात अक्षरं, पहिलं अक्षर जी. "जिराफ!" डेक्लन म्हणाला, तोही ताबडतोब. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत जलद उत्तर. अक्षरं बसत होती. देवतळ्यांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"लिही ना," डेक्लन म्हणाला.

"चूक आहे," देवतळे म्हणाले.

टेबल गार. नियम मोडला होता.

"कशावरून?"

"ते नाही सांगणार. पण चूक आहे."

"सात अक्षरं आहेत. जी आहे. पानं खातो. लिही."

"लिहितो. पण चूक लिहून राहिलो."

"लिही, नाहीतर पेन इकडे दे!"

"लिहिलं!" देवतळे ओरडले, आणि त्यांनी इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. दोघेही उठून उभे राहिले होते. मॉरीन शांतपणे बिस्किट बुडवून खात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवरच्या पानावर हिरव्या पेनने जिराफावर काट मारून गोरिला लिहिला होता, आणि समासात: "हे कोणत्या गाढवाचं काम?"

"दोघांचं," मॉरीनने उत्तर लिहून ठेवलं.

त्या दिवसापासून त्या दोघांचं रोज भांडण व्हायचं. देवतळे पेन हातात धरून नुसतं नाक वाकडं करायचे आणि डेक्लन म्हणायचा, "नाकाने बोलू नकोस, नाकालाही नियम लागू आहे." मेंढीची चित्रमालिका डेक्लन त्यांना समजावून सांगू लागला, इतकी सविस्तर की तिच्यातला विनोद पार मरून जायचा, आणि देवतळ्यांना ती तेव्हाच, तिथल्या तिथे, हसायला यायची. गाडीत मला आता त्या टेबलाच्या बातम्या ऐकाव्या लागत नव्हत्या. ते खिडकीबाहेर बघत स्वस्थ बसायचे.

मुलीला नागपूरलाच प्रवेश मिळाला. बायको म्हणाली, आता या वयात मी तिकडे येऊन काय करू. तेव्हा देवतळ्यांनी परत जायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे रिवाजाप्रमाणे केक असतो आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. तेही झालं. मग दहा वाजता मॉरीनने पेपर त्यांच्यापुढे ठेवला, कोडं वर, कोरं. शेजारी पेन.

"आज कोणी बोलणार नाही," ती म्हणाली. "हे सगळं तुझं."

"नाही नाही," देवतळे म्हणाले. "असं कसं. आपण मिळून..."

"घे रे," डेक्लन म्हणाला. त्याने हाताची घडी घातली होती.

देवतळ्यांनी पेन उचललं. पहिली ओळ मोठ्याने वाचली, सवयीने, आणि टेबलभर बघितलं. कोणी बोललं नाही. दुसरी वाचली. कोणी नाही. तिसरी त्यांनी अर्धीच वाचली. मग मान खाली घातली आणि लिहायला लागले.

आधी हळू, एकेक चौकट, मधेच थांबून, कोणाची परवानगी मागितल्यासारखं. मग हात सुटला. ओठ हलू लागले, खांदे पुढे आले, डावा हात आपोआप पानाभोवती आडवा झाला. त्यांचे कान लालबुंद होते. वर बघत नव्हते. सगळ्यांसमोर हे करताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं आणि थांबवत नव्हतं. चहावर साय धरली.

मी कप घेऊन खिडकीपाशी गेले. माणूस जेवत असताना त्याच्या ताटाकडे बघत बसू नये, एवढं आम्हाला घरी शिकवलं होतं. मॉरीनला ते कोणी शिकवलं होतं, कोण जाणे. तीही उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि आम्ही दोघी पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिलो.